ताई, राजवाड्याची तिकीटविक्री ३.३० ला बंद होते!

बँकॉकची ही तिसरी खेप, आणि पुन्हा तेच! रात्री २ पर्यंत खाओसान रोडवर हिंडायचं, सकाळी ११ पर्यंत ताणून द्यायची. मग ‘दहाच मिनिटं’ म्हणत चतुचक बाजारात शिरायचं. दहा मिनिटं कसली? हत्ती छापलेल्या एका पायजम्यासाठी ताईची पाऊण तास घासाघीस, मी पिशव्या धरून घामाघूम. पळत राजवाड्याशी पोचलो तर तिकीटखिडकी बंद! आतल्या ‘वाट फ्रा केओ’ मंदिरात हिरव्या पाषाणाचा तो छोटासा बुद्ध आहे, ऋतूप्रमाणे वर्षातून ३ वेळा त्याची वस्त्रं बदलतात. मला तो बघायचाय गं, किती वेळा सांगू? उद्या ८ वाजता मी निघणार. उठलीस तर ये.