पोर्टल सगळ्यांना, प्रेक्षक सोडून

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. अजिंक्यपदाचा सामना एप्रिलच्या सुरुवातीच्या एखाद्या सोमवारी, पाडव्याच्या आसपास असतो. मधे होळी येते. आमच्या विद्यापीठाच्या टीमचा शिमगा मात्र नाताळच्या सुट्टीतच उरकतो. त्यापुढे नुसते सामने उरतात.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मिडवेस्टातलं आहे, भोवती मक्याची शेतं आहेत, मी तिथेच शिकलो आणि त्याच गावात नोकरीला चिकटलो, एवढं पुरे. जानेवारीत पारा शून्याच्या खाली गेला की अशा गावात संध्याकाळी दोनच गोष्टी करता येतात: घरी बसणं किंवा अरीनात जाऊन बसणं. अरीनात हीटिंगचं बिल विद्यापीठ भरतं. शेजारच्या खुर्चीवर बायको असते. ती घरून डब्यात चिवडा नेते आणि दारावरचा सुरक्षारक्षक दर वेळी तो डबा उघडून, वास घेऊन, आदरानं परत करतो.

आमची टीम सपाटून हरते असं नाही. सपाटून हरणाऱ्या टीमचे प्रेक्षक सुखी असतात, मध्यंतरालाच पार्किंगमधून गाडी काढतात. आमची टीम चाळीसपैकी छत्तीस मिनिटं खरोखर छान खेळते. नऊ पॉइंटांची आघाडी घेते. आणि मग शेवटची चार मिनिटं राहिली की टीव्हीच्या जाहिरातींसाठी टाइमआउट होतो आणि कोचच्या हाती तो छोटा पांढरा फळा येतो.

त्या फळ्यावर तो काय काढतो हे मला एकदा बघायचंय. कारण टाइमआउटपर्यंत ज्या पोरांना बास्केटबॉल येत असतं, ती परत येतात तेव्हा कुणाच्या तरी लग्नात चुकून शिरल्यासारखी एकमेकांकडे बघत असतात. एक जण बॉल आपटत उभा राहतो. बाकीचे चौघं तो कसा आपटतो ते पाहतात. शॉट घ्यायला तीस सेकंद असतात आणि ती मोजणारं घड्याळ बास्केटच्या बोर्डवर, लाल आकड्यांत, हजारो लोकांना दिसेल असं लावलेलं असतं. पाच उरले की पोरं दचकतात. मग ज्याच्या हाती बॉल असेल तो पंचवीस फुटांवरून, अंगावर दोन जण असताना, भिरकावतो.

तरीही नऊची आघाडी तेवढ्यानं जात नाही. ती जाते फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या, एका पॉइंटाच्या मोकळ्या शॉटवर. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक जुलमी नियम आहे. एका हाफमध्ये समोरच्यांचा सातवा फाउल झाला की तुम्हाला फ्री थ्रो मिळतो, पण पहिला गेला तरच दुसरा. म्हणजे पहिला चुकला की दोन पॉइंटांची संधी गेली आणि बॉल बहुधा समोरच्यांच्या हातात. त्यामुळे पिछाडीवरची टीम शेवटी मुद्दाम फाउल करते, आणि कुणाला करते तर आमच्या सेंटरला, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या पोराला. पोरगा चांगला आहे, उंच आहे, मन लावून शिकतो असं ऐकतो. रिंग दहा फूट उंच, रेषा बोर्डपासून पंधरा फुटांवर, समोर कुणी नाही, कुणी ढकलत नाही, घड्याळही थांबलेलं. देशभरातली कॉलेजची पोरं कित्येक दशकं शंभरातले सत्तरेक फ्री थ्रो टाकत आलीत. आमच्या सेंटरचा बॉल रिंगलाही लागत नाही आणि बोर्डलाही.

माझ्या डाव्या हाताला एक निवृत्त दूधवाला शेतकरी बसतो. तो मोबाइल वापरत नाही, मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही ठेवून पेन्सिलीनं अख्खा सामना लिहून काढतो. फ्री थ्रो मिळाला की एक गोल काढायचा, बॉल गेला की तो गोल भरायचा. मोठ्या मायेनं पेन्सिल फिरवत भरतो. आमच्या सेंटरच्या नावापुढे मात्र रिकाम्या गोलांची रांगच रांग आहे. आम्ही हरलो की तो पेन्सिल कानामागे खोचतो, ‘हं’ म्हणतो आणि उठतो. उरलेल्या अरीनातून जे शब्द ऐकू येतात, त्यांच्यापेक्षा मला हे ‘हं’ जास्त शिवराळ वाटतं.

‘‘अरे, पण कोच त्या सेंटरला शेवटच्या मिनिटांत खेळवतोच कशाला?’’ बायको विचारते. तिला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. कोचचा पगार मात्र कळणाऱ्याचा आहे.

सामन्यानंतर कोच पत्रकारांसमोर बसतो. पोरांनी जीव तोडून मेहनत घेतली. आम्ही योग्य दिशेनं चाललोय. श्रेय समोरच्या टीमला द्यायला हवं. फ्री थ्रोबद्दल कुणी विचारलंच, तर सरावात हे सगळे आत जातात, असं तो सांगतो. सरावाची तिकिटं मिळतात का याची मी चौकशी केली. मिळत नाहीत.

मी कोचविरुद्ध बोलायला लागलो की गावात कुणी ना कुणी मला कोच के ऐकवतो. कोच के म्हणजे माइक शिशेफ्स्की. तो १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठाला कोच म्हणून आला आणि पहिल्या तीन हंगामांत ३८ सामने जिंकून ४७ हरला. देणगीदार त्याला हाकला म्हणून मागे लागले होते. विद्यापीठानं दम धरला. पुढे त्यानं पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. माणूस मोठाच, वाद नाही. पण त्या एका उदाहरणानं देशातल्या किती नालायक कोचांना जीवदान दिलं याचा हिशेब कुणी तरी मांडायला हवा. तो कमी पडला तर जॉन वूडन काढतात. यूसीएलए विद्यापीठाला त्यानं दहा अजिंक्यपदं मिळवून दिली आणि पहिलं आलं ते सोळाव्या हंगामात! घ्या. म्हणजे आमच्या गड्याला अजून दशकभर तरी हात लावायचा नाही.

यावर मी नेस्मिथ काढतो. जेम्स नेस्मिथनं १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधून काढला, पीचच्या टोपल्या टांगून. पुढे तो कॅन्ससच्या विद्यापीठात गेला आणि तिथल्या टीमचा पहिला कोच झाला. ५५ जिंकले, ६० हरले. कॅन्ससला त्यानंतर एकाहून एक कोच लाभले, आणि त्या सगळ्यांत हरण्याचं पारडं जड असलेला एकच निघाला, खुद्द खेळाचा जनक. मी हे आमच्या कोचविरुद्ध पुरावा म्हणून सांगायला जातो आणि ऐकणारा ‘‘बघा, नेस्मिथलाही जमलं नाही’’ म्हणून त्याच्याच पदरात टाकतो.

रविवारी सकाळी मिरजेला फोन लावला की आई आवाजावरून ओळखते.

‘‘हरली वाटतं तुमची पोरं?’’

‘‘हरली.’’

‘‘मग त्या मास्तरला काढत का नाहीत?’’

‘‘काढलं तर करारातल्या उरलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागतात, आई. लाखो डॉलर.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे.

‘‘म्हणजे नीट शिकवलं नाही म्हणून काढायचं, आणि वर पैसे?’’

‘‘हो.’’

‘‘मला नाही रे कुणी असं काढलं.’’

तिला मी पुढचं सांगितलंच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात वरचं नाव गव्हर्नरचं नसतं, कुठल्या तरी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचचं असतं. जनगणनेच्या कामाला पायपीट केलेल्या बाईला हे ऐकवायला जीभ रेटत नाही.

खेळाडूंचंही आता बरं आहे. २०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल आहे. नाव नोंदवलं की दुसरी विद्यापीठं बोलावू शकतात. पूर्वी टीम बदलली की एक वर्ष नुसतं बसावं लागायचं, तीही अट गेली. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं आणि २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. योग्यच आहे, इतकी वर्षं पोरांच्या घामावर भलतेच लोक गबर झाले. पण आमचा एक पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ रचणारा पोरगा, गेल्या हंगामात बरा निघाला, आणि त्याला थांबवून ठेवण्यासाठी वर्गणी द्या म्हणून मला पत्र आलं. गणपतीच्या वर्गणीवर निदान प्रसाद तरी मिळतो. पोरगा गेलाच. या डिसेंबरात आमच्याच अरीनात, आमच्याविरुद्ध खेळायला आला आणि शेवटच्या मिनिटात चारही फ्री थ्रो शांतपणे टाकून गेला. शेतकऱ्यानं चारही गोल भरले. मला वाटतं, जरा जास्तच जोर लावून.

थोडक्यात, खेळाडू पोर्टलमधून सुटतो, कोच भरपाई घेऊन सुटतो. प्रेक्षकासाठी तसली काही सोय नाही. मी शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाला अर्ज केला की मला तुमचा चाहता म्हणून घ्या, अनुभव दांडगा आहे, चिवडा घेऊन येईन, तर कोण घेईल?

मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ टीमांची यादी जाहीर झाली. आमचं नाव नव्हतं. तरी मी टीव्हीसमोर शेवटपर्यंत बसलो होतो, न जाणो. २०१८ मध्ये यूएमबीसी नावाच्या कुणी ऐकलं नव्हतं अशा टीमनं पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४–५४ असं लोळवलंच होतं ना. त्याआधी सोळाव्या मानांकनाच्या टीमा पहिल्या मानांकनाच्या टीमांपुढे १३५ वेळा उभ्या राहिल्या आणि १३५ वेळा हरल्या होत्या. आणि तीच व्हर्जिनिया पुढच्या वर्षी अजिंक्य झाली! हे असले किस्से माणसाला बरबाद करतात.

काल सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची ईमेल आली. दर वाढलेत. बायकोनं लॅपटॉप माझ्याकडून ओढून घेतला.

‘‘बंद करतेय मी हे.’’

‘‘अगं थांब, पोर्टलमधून एक नवा सेंटर येतोय. सात फुटी आहे.’’

‘‘फ्री थ्रो येतात का त्याला?’’

‘‘सरावात येतात म्हणे.’’