फोटोखाली अंतर लिहा

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी सव्वासातला भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर ट्रायपॉड लावून उभा होतो. समोर उजनीच्या उथळ पाण्यात, अडीचशे मीटरवर, शे-सव्वाशे रोहित चरत होते. मान खाली, चोच उलटी, पायांनी चिखल ढवळणं चाललेलं. अग्निपंख म्हणा, फ्लेमिंगो म्हणा, आमच्या दौंड-इंदापूर पट्ट्यात सगळी नावं चालतात.

तेवढ्यात उजवीकडून एक होडी आली आणि थेट थव्याच्या रोखाने निघाली. होडीत चौघं, चौघांच्या हातात मोठ्या लेन्स. शंभर मीटर, ऐंशी, साठ. पक्ष्यांनी आधी माना वर केल्या, मग सगळे एका दिशेला चालायला लागले. तेव्हा होडीतल्या एकाने जोरात टाळ्या वाजवल्या. अख्खा थवा पाण्यावरून धावत सुटला आणि उठला. पंखांचा आवाज माझ्यापर्यंत आला. काळा आणि गुलाबी रंग एका क्षणात उघडला आणि पळसदेवच्या दिशेने निघून गेला. त्या दिवशी पुन्हा कुणालाही तिथे रोहित दिसले नाहीत.

संध्याकाळी त्या उड्डाणाचा फोटो माझ्यासमोर आला. खाली "अप्रतिम", "कडक", "लेन्स कोणती?" अशी रांग. फोटो खरंच सुंदर होता, आणि मला त्रास झाला तो त्यामुळेच. तीनशे लोकांनी तो पाहिला असेल, पण एकानेही विचारलं नाही की हा काढला किती लांबून, आणि पक्षी उडाले का.

मी गेली बावीस वर्षं तीन गोष्टींचे फोटो काढतोय: पक्षी, रेल्वे आणि सह्याद्री. तिन्ही लांबून. आज या पोस्टमधून एकच मागणी करायची आहे. आपण फोटोखाली शटर लिहितो, आयएसओ लिहितो, लेन्सचं नाव तर न चुकता लिहितो. तिथेच अंतरही लिहायला लागूया.

लांबून बघायची सवय मला वडिलांनी लावली. ते दौंडला रेल्वेत होते. मी सहा-सात वर्षांचा असताना मला डिकसळला घेऊन जायचे. तिथला जुना दगडी पूल मुळात रेल्वेचा. उजनीचं पाणी आलं, रूळ दुसरीकडे गेले आणि तो पूल रस्त्याला मिळाला. वडील मला काठावर उभं करून नव्या पुलावरची गाडी दाखवायचे. जवळ जायचा हट्ट केला तर म्हणायचे, "जवळून नुसतं इंजिन दिसतं. गाडी बघायची असेल तर लांबून बघ."

हे वाक्य मला पुढे भोर घाटात पटलं. कर्जतहून वर चढणारी गाडी म्हणजे नुसतं पुढचं इंजिन नव्हे. १८६३ साली सुरू झालेल्या त्या घाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. पुढचं इंजिन एका बोगद्यातून बाहेर पडतं तेव्हा मागचे बँकर अजून आधीच्या बोगद्यातही शिरलेले नसतात. ओढणारा आणि ढकलणारा, दोघं एका चौकटीत हवे असतील तर दरीच्या पलीकडे जावं लागतं. रुळाशेजारी उभं राहून ते कधीच मिळणार नाही. आणि इथे लाखाची लेन्सही लागत नाही. चोवीस डब्यांची गाडी साधारण पावणेसहाशे मीटर भरते. एक किलोमीटरवरून ७० मिलिमीटरच्या लेन्समध्ये पाचशे मीटरहून जास्त रुंदी मावते. वळणावर असली की अख्खी गाडी बसते. कसारा घाटातला ऐहेगावचा पूल असो की रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा ६४ मीटर उंच पानवल पूल, त्यांची उंची दिसते ती लांबूनच. खाली किंवा वर रुळावर उभं राहून उंचीचा फोटो येत नाही.

दूधसागरला रुळावरून चालत जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना दरवर्षी पकडतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मला दंडापेक्षा लोको पायलटची काळजी वाटते. वळणावर रुळात माणूस दिसला की त्याच्या छातीत काय होत असेल हे रेल्वेवाल्याच्या घरात वाढलेल्याला विचारा.

आता जरा हिशेबाकडे. तो माझ्या मागणीच्या गाभ्याशी आहे. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर शंभर मीटरवर चौकट ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असते. अंतर दुप्पट केलं की दोन्ही दुप्पट. मोठा रोहित उभा राहिला की सव्वा ते दीड मीटर. म्हणजे शंभर मीटरवरून तो चौकटीच्या उंचीचा एक तृतीयांश भरतो. कुणाच्या फोटोत, क्रॉप न करता, म्हणजे कडा न कापता, एकच रोहित पायापासून डोक्यापर्यंत चौकट भरून उभा असेल आणि खाली "६०० एमएम" लिहिलेलं असेल, तर तो तीस-चाळीस मीटरवरून काढलाय हे कुणीही कागदावर मांडू शकतं. इतक्या जवळ तो पक्षी आपणहून आला असेल, छायाचित्रकार लपणात बसून राहिला असेल, तर त्याच्या संयमाला माझा नमस्कार. पण मग तेही लिहूया. वाचणाऱ्याला कळू दे.

बरेच जण म्हणतील, लांबून शार्प येत नाही. खरंय, येत नाही, आणि त्यात लेन्सचा दोष फार थोडा असतो. मधे हवा असते. भिगवणला फेब्रुवारीत साडेनऊ वाजले की काठावरचा काळा चिखल तापतो, त्यावरची गरम हवा वर उठते आणि वरची थंड हवा खाली येते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. लांबच्या पक्ष्याचे पाय तुटक दिसतात, डोळा पसरतो, पिसांचा लगदा होतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तोच हा प्रकार. अशा वेळी टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे जोडायचं, प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावला तर पक्षी मोठा होतो आणि थरथरही तेवढीच मोठी होते. नवा, जास्त मेगापिक्सलचा कॅमेरा ती थरथर अधिक बारकाईने टिपतो, एवढंच. कित्येकांनी या कारणासाठी लेन्स विकलेल्या मी पाहिल्यात. लेन्स बिचारी ठीक होती.

त्याला उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. सूर्य उगवायच्या आत पोहोचा आणि नऊला आवरा. जमिनीला पोट लावून काढलेला फोटो जवळच्या टिटवीला शोभतो, पण दोनशे मीटरवरच्या थव्यासाठी थोड्या उंच काठावर जा, म्हणजे मधली नजर तापलेल्या थरातून कमी जाते. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका. लेन्सला बाहेरच्या हवेशी वीस मिनिटं जुळू द्या. बंद गाडीच्या खिडकीतून काढताना आतली आणि बाहेरची हवा लेन्ससमोरच एकमेकीत मिसळते, त्याने होणारं नुकसान बरेच जण फोकसच्या माथी मारतात. एका वेळी तीस-चाळीस फोटो घ्या, त्यात हवा क्षणभर स्थिर झालेली एखादी फ्रेम सापडते. आणि ढगाळ दिवशी घरी बसू नका, जमीन तापत नाही म्हणून तो लांबच्या फोटोंसाठी सोन्यासारखा दिवस असतो.

डोंगरांच्या बाबतीत आपण हे सगळं तक्रार न करता मान्य करतो, याचं मला नवल वाटतं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. मधे सपाट प्रदेश धरला तर तिथून क्षितिज जवळजवळ १४५ किलोमीटरवर पडतं. पण एवढं दिसतं का? मार्चमध्ये शेजारचा डोंगरही धुरकट असतो. पाऊस संपून हवा धुतली गेली की ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार-सहा सकाळी अशा मिळतात, की एकामागे एक सात-आठ रांगा मोजता येतात, प्रत्येक मागची रांग आधीपेक्षा फिकट निळी. ती निळाई डोंगराची नसते, मधल्या हवेने पसरवलेल्या प्रकाशाची असते. सह्याद्रीच्या फोटोत आपण भाळतो ते बरंचसं त्या हवेवरच. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची बर्फाची रांग दिसली तेव्हा लोक थक्क झाले. डोंगर होते तिथेच होते, मधली हवा तेवढी साफ झाली होती. कॅटलन छायाचित्रकार मार्क ब्रेट याने २०१६ मध्ये पिरेनीजमधल्या फिनेस्ट्रेल शिखरावरून फ्रेंच आल्प्समधलं गास्पार शिखर टिपलं, ४४३ किलोमीटरवरून. पहाटेच्या उजेडावर उमटलेली नुसती काळी कड. गिनीजने विक्रम म्हणून नोंदवलेला तो फोटो "शार्प नाही" म्हणून कुणी बाजूला टाकला नाही. त्याच्याबद्दल सांगताना आधी अंतरच सांगतात.

मग पक्ष्यालाच जवळ ये म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

उडणं पक्ष्याला फुकट पडत नाही. रोहित जड पक्षी, त्याला पाण्यावर धाव घेऊनच उठावं लागतं. चरायचा वेळ जातो तो वेगळाच. थंडीत उजनीवर येणारे पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले असतात. एवढा प्रवास करून ते इथे खायला आणि विसाव्याला येतात. एका सकाळी पाच होड्यांनी पाचदा उठवलं तर त्यांनी खायचं कधी? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या छायाचित्रकारांना हे माहीत नाही. फांद्या बाजूला करून काढलेला घरट्याचा फोटो हा कायद्याच्या भाषेत शिकारीच्या रांगेत बसतो.

हे मी सोवळ्यात बसून लिहीत नाही. २००९ साली मीही होडीत बसून नावाड्याला म्हणालो होतो, "अजून थोडं पुढे घ्या." तो वयस्कर गृहस्थ होता, मूळचा मासेमारीवाला. दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा त्याने वल्हं मारलं. थवा उठला, मला हवा तो फोटो मिळाला. परत येताना तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आता पलीकडंच बसत्याल, सर. दिसभर न्हाई यायचे." त्याच्या पुढच्या तीन फेऱ्या मी खाल्ल्या होत्या. तो फोटो मी आजवर कुठेही लावलेला नाही.

म्हणूनच नावाड्यांना दोष देणाऱ्या पोस्ट वाचून मला राग येतो. ज्यांची गावं, शेतं उजनीच्या पाण्याखाली गेली त्यांच्यातल्याच काही घरांना आज या पक्ष्यांमुळे चार पैसे मिळतात. पक्षी कुठे बसतात, कोणत्या वाऱ्याला कुठे सरकतात, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पुढे घ्या म्हणणारे आपण असतो आणि वरची बक्षिसीही आपणच देतो. ही सवय गिऱ्हाइकाने लावली आहे, मोडायचीही त्यानेच.

ज्याच्याकडे मोठी लेन्स नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न मला शाळेतली मुलं विचारतात. त्यांना मी सांगतो की पक्षी लहान ठेव आणि जागा मोठी घे. वारकरी पक्ष्यांचा काळा ठिपक्यांचा पट्टा, मागे उसाचं हिरवं, वर एक कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) घिरट्या घालतोय, याला दोनशेची लेन्सही पुरते. आणि बसून राहा. हालचाल न करता अर्धा तास काठावर बसलं की लांब पायांचा शेकाट्या चरत चरत वीस पावलांवर येतो. आलेला पक्षी आणि गाठलेला पक्षी यांच्या डोळ्यांत फरक असतो, फोटोत तो दिसतो. पहिली मान वर झाली की आपण थांबायचं, दुसरी झाली की दोन पावलं मागे. मुलं हे एका फेरीत शिकतात.

येत्या हिवाळ्यात होडीत पाय ठेवायच्या आधीच सांगा: "दादा, पक्षी उठवायचे नाहीत. लांबूनच बघू. पैसे तेवढेच देईन." मी गेली काही वर्षं हे सांगतो. प्रत्येक वेळी नावाड्याचा चेहरा हलका होतो.

सोबतच्या फोटोबद्दल: डिकसळच्या बाजूने, जानेवारी, सकाळी आठच्या आत. ५०० मिलिमीटर, १/१२५० सेकंद, आयएसओ ८००, क्रॉप नाही. रोहितांपर्यंत अंदाजे २५० मीटर, म्हणून पक्षी चौकटीच्या उंचीच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढे आहेत. मागच्या पुलापर्यंत दीड किलोमीटर, त्यावर सोलापूरहून पुण्याकडे निघालेल्या वंदे भारतचे चार-साडेचार डबे. फोकस पक्ष्यांवर आहे, गाडी धूसर आहे. गाडी गेली तेव्हा एकाही पक्ष्याने मान वर केली नाही.