४० मिनिटांचा व्यवहार

झूमवरच्या फुकट मीटिंगची ४० मिनिटे संपत आली की होस्टच्या, म्हणजे मीटिंग बोलावणाऱ्याच्या, पडद्यावर सूचना झळकते, बोलणारा घाईने मुद्दे उरकू लागतो आणि कोणीतरी म्हणते, "थांबा, नवी लिंक पाठवते." या मर्यादेवर चिडणारे बरेच लोक मला भेटले आहेत. मला मात्र ती त्या कंपनीच्या अर्थकारणातला सर्वांत सरळ व्यवहार वाटते, आणि कंपनीला जेव्हा जेव्हा या व्यवहाराचा विसर पडला तेव्हाच तिचे चुकले, असे माझे ठाम मत आहे.

एरिक युआन यांनी २०११ मध्ये ही कंपनी काढली. त्याआधी ते वेबेक्स या ऑनलाइन मीटिंगच्या कंपनीत अभियंता होते आणि सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने २००७ मध्ये ती कंपनी सुमारे ३२० कोटी डॉलरना विकत घेतल्यानंतरही काही वर्षे तिथेच राहिले. त्या वेळी या क्षेत्रात स्काइप होते, गूगल होते, खुद्द वेबेक्स होते. आणखी एका कंपनीची गरज आहे, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. झूमची आवाज-चित्राची गुणवत्ता चांगली होती हे खरेच, पण माझ्या मते तिचे यश पैसे कोणाकडून घ्यायचे या निर्णयात होते. वर्गणी फक्त बोलावणाऱ्याने भरायची. येणाऱ्याने काहीही द्यायचे नाही, सहसा खातेही उघडायचे नाही, लिंकवर बोट ठेवायचे आणि आत यायचे. त्यामुळे प्रत्येक मीटिंग म्हणजे समोरच्या पाहुण्यांना आपोआप दाखवलेले प्रात्यक्षिक ठरले, आणि त्यांच्यातलाच कोणी पुढच्या आठवड्यात स्वतः होस्ट झाला की त्याची गाठ त्या ४० मिनिटांशी पडू लागली.

हे नुसते अनुमान नाही. एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरताना कंपनीने जी कागदपत्रे सादर केली त्यांत म्हटले होते की वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न देणारे ३४४ ग्राहक तिच्याकडे आहेत आणि त्यांपैकी ५५ टक्के ग्राहकांकडे पैसे भरण्याआधी निदान एक तरी फुकट होस्ट होता. मोठ्या संस्थेतला एखादा कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी फुकट खाते वापरू लागतो, मग त्याचा विभाग, मग सारी संस्था. विक्री विभागाचा माणूस पोहोचेपर्यंत निम्मे काम झालेले असते. म्हणूनच भराभर वाढत असूनही ही कंपनी बाजारात उतरली तेव्हा नफ्यात होती, आणि तशा वयाच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे दुर्मीळ होते.

अर्थात पाहुण्याला जे फुकट मिळते त्याचा खर्च कंपनीला असतोच. त्याचे प्रमाण २०२० मध्ये दिसले. मीटिंगमध्ये सामील होणाऱ्यांची दैनंदिन संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. (ही माणसांची संख्या नव्हे. एकच व्यक्ती दिवसात पाच मीटिंगांना बसली तर ती पाचदा मोजली जाते.) अनेक देशांतल्या शाळांसाठी कंपनीने ४० मिनिटांची अट उठवली, ज्याबद्दल मला आजही आदर वाटतो. जानेवारी २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात उत्पन्न ६२ कोटी डॉलरवरून २६५ कोटींवर गेले, पण सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा जाता दर १०० डॉलरमागे आदल्या वर्षी ८१ डॉलर उरत होते, ते ६९ वर आले. फुकट मिनिटांचे बिल कोणीतरी भरतच असते, ते असे.

त्याच काळात कंपनीच्या हातून माझ्या दृष्टीने अक्षम्य चूक झाली. मीटिंग पूर्णपणे कूटबद्ध आहेत, म्हणजे मधल्या कोणालाही, अगदी कंपनीलाही, त्या उलगडता येणार नाहीत, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात त्या उलगडण्याच्या किल्ल्या कंपनीच्याच सर्व्हरवर होत्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोड झाली. अशा खऱ्या कूटबद्धतेची सुविधा आणताना ती केवळ पैसे भरणाऱ्यांना द्यावी, असा कंपनीचा पहिला विचार होता. जोरदार टीका झाल्यावर जून २०२० मध्ये तिने तो बदलला आणि फुकट वापरणाऱ्यांनाही ती देण्याचे जाहीर केले. मीटिंगचा वेळ विकणे योग्य आहे, तिची सुरक्षितता विकणे योग्य नाही, ही रेषा तेव्हा वापरणाऱ्यांनी कंपनीला आखून दाखवली, आणि मला ती फार मोलाची वाटते.

नंतरची मंदी या पाहुण्यांच्या गणितातूनच समजते. जगातला जवळजवळ प्रत्येक कार्यालयीन माणूस एकदा तरी पाहुणा होऊन गेल्यावर नवे पाहुणे आणायचे कुठून? त्यात मायक्रोसॉफ्टने टीम्स हे आपले मीटिंगचे सॉफ्टवेअर ऑफिस संचातच घालून दिले होते, म्हणजे अनेक संस्थांना झूमची वर्गणी हा जादा खर्च वाटू लागला. फाइव्ह९ ही कॉल सेंटर सॉफ्टवेअरची कंपनी सुमारे १,४७० कोटी डॉलरना घेण्याचा झूमचा बेत सप्टेंबर २०२१ मध्ये त्या कंपनीच्या भागधारकांनी फेटाळला. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात झूमचे उत्पन्न सुमारे ४६६ कोटी डॉलर होते, आदल्या वर्षापेक्षा केवळ ३ टक्के जास्त. आता वाढीची भिस्त फोनसेवा, ग्राहक सेवा केंद्रांचे सॉफ्टवेअर आणि मीटिंगचा गोषवारा लिहून देणारा एआय सहायक यांवर आहे.

अशा संथ काळातच मोह होतात, म्हणून मला काळजी वाटते. २०२१ च्या अखेरीस काही देशांत फुकट मीटिंग संपल्यावर उघडणाऱ्या पानावर जाहिराती दाखवण्याचा प्रयोग झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सेवेच्या अटींमधील शब्दरचनेवरून आपली संभाषणे एआय शिकवण्यासाठी वापरली जातील, अशी भीती पसरली आणि कंपनीला, ग्राहकांचे बोलणे त्यासाठी वापरणार नाही, असे स्पष्ट लिहावे लागले. २०२२ पासून दोघांमधल्या फुकट मीटिंगलाही ४० मिनिटांची मर्यादा आली तेव्हा पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली. मी मात्र त्या बदलाच्या बाजूने होतो. मर्यादा मला घड्याळात दिसते. ती ३० मिनिटांवर आणली तरी मी वर्गणी भरेन, पण माझ्या बोलण्यावर जाहिराती बेतल्या गेल्या तर त्या दिवशी खाते बंद करीन.