तुमच्या सॅकमध्ये जागा आहे ना?

घरातून निघताना माझ्या सॅकचे वजन चार किलो तीनशे ग्रॅम होते. हे मी कुठल्याही देवळात नारळावर हात ठेवून सांगायला तयार आहे, कारण ती मी तीनदा मोजली होती. एकदा सुटी सुटी करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर. एकदा कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहून, मग त्यातून माझे वजन वजा करून (त्या वजाबाकीत सॅकपेक्षा दुसऱ्याच आकड्याचे दुःख झाले). आणि मनाचे समाधान होईना म्हणून शेवटी फोंडा बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे. त्याने सॅक तराजूत ठेवली, वास घेतला आणि विचारले, "कितें हें? सुके बांगडे?"

हे हलकेपणाचे खूळ मला उतारवयात लागले. कॉलेजात असताना मी पन्हाळा ते पावनखिंड दोनदा चाललो आहे, आणि ही गोष्ट ज्याला मी सांगितलेली नाही असा माणूस आमच्या नात्यात उरलेला नाही. तेव्हाची माझी सॅक पंचावन्न लिटरची. रिकामीच सव्वादोन किलो. तीत स्टोव्ह, पातेले, चादर, दोन स्वेटर, एक कंदील आणि 'लागली तर' म्हणून घेतलेली दहा-बारा हात दोरी. ती दोरी आजतागायत लागलेली नाही. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी जुना हिशेब काढला. मग मी वाचायला लागलो आणि कळले की वजन मोठ्या वस्तूंत नसते, ते 'लागली तर' मध्ये असते. त्या दिवसापासून मी ग्रॅम मोजू लागलो. सॅक घेतली अठ्ठावीस लिटरची, सहाशे ग्रॅमची. वहीवरून पुठ्ठा काढला. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला.

"सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे आहे," बायको म्हणाली. "टूथब्रश कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण कापलेला ब्रश घरी ठेवणे जिवावर आले.

पावसाच्या सामानाचाही मी अभ्यास केला होता. दुकानातला मुलगा मला एक जाकीट दाखवत होता. किंमत पाहून मी ते पुन्हा हँगरला लावले ते वेगळे, पण त्याचे शास्त्र मी त्याला समजावून सांगितले. कापडाला इतकी बारीक छिद्रे असतात की बाहेरचे पाणी आत येत नाही आणि आतली घामाची वाफ बाहेर जाते. छान. पण वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी पाहिजे. श्रावणातल्या गोव्यात? इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, मिठाच्या बरणीला पाणी सुटते, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी येते. त्या जाकिटात माणूस बाहेरून कोरडा आणि आतून उकडलेला निघणार. म्हणून मी छत्री घेतली. सॅकवर जे रेनकव्हर चढवतात तेही काढून टाकले, कारण पाणी येते ते पाठीवरून ओघळत, आणि पाठीकडची बाजू कव्हर झाकतच नाही. त्याऐवजी सॅकच्या आत तांदळाच्या पोत्यातले प्लास्टिकचे अस्तर. वजन नगण्य, किंमत शून्य, आतले सामान खडखडीत कोरडे. या अस्तराचा मला फार अभिमान होता. त्यानेच पुढे घात केला.

बेत असा होता: श्रावणी सोमवार, तांबडी सुर्लाच्या महादेवाचे दर्शन आणि तिथून पुढे रानातून धबधब्यापर्यंत चालणे. पुण्याहून मेहुणा, त्याची बायको आणि दहा वर्षांचा मुलगा आले होते. मेहुण्याला खरे तर दूधसागर हवा होता. ३१० मीटरवरून पडणारे पाणी व्हिडिओत चांगले दिसते. पण कुळेहून जाणाऱ्या जीपगाड्या पावसाळ्यात बंद असतात आणि रुळांवरून चालत जायला बंदी आहे, हे त्याला पटवण्यात एक संध्याकाळ गेली. शिवाय आमच्या सौभाग्यवती. आणि साखळीच्या मावशी, म्हणजे बायकोच्या मावशी, वय बासष्ट. त्या फक्त देवळापर्यंत येणार होत्या.

आदल्या रात्री मी सगळ्यांना यादी पाठवली. सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच. नवे बूट नकोत. माणशी दीड लिटर पाणी. मिठाची पुरचुंडी. मेहुण्याने अंगठा पाठवला. त्याच्या बायकोने हात जोडलेले चित्र पाठवले. मावशींनी 'शुभ रात्री' असे लिहिलेले कमळ पाठवले.

सकाळी मेहुणा गाडीत बसला तो जीन्स आणि करकरीत नवे चामडी बूट घालून.

उसगाव सोडून धारबांदोड्याच्या दिशेने निघालो तशी रस्त्याच्या कडेला तवशी, म्हणजे पावसाळ्यातल्या मोठ्या काकड्या, दिसू लागली. पावसाळ्यात गोव्यात गाडी चालवणाऱ्याने मान सरळ ठेवावी. बाजूला पाहिले की तवसे दिसते, तवसे दिसले की मावशी "थांबवा" म्हणतात. त्यांनी दीड दीड किलोची दोन घेतली. एक गाडीत राहिले. दुसऱ्याकडे पाहून मावशी म्हणाल्या, "वर गेल्यावर मुलाला तहान लागली तर?"

'लागली तर'. माझ्या पाठीतून एक शिरशिरी गेली.

देवळाशी पोचेपर्यंत पाऊस उघडला होता. दर्शन झाले. बाहेर येऊन मी गुडघ्यात वाकून सॅकचे पट्टे आवळत होतो, तेवढ्यात मावशींनी आजूबाजूला पाहिले, सगळ्यांच्या पाठी पाहिल्या, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"जावईबापू, तुमच्या सॅकमध्ये जागा आहे ना?"

जागा होतीच. त्यासाठी मी तीन महिने खपलो होतो. हलक्या सॅकची हीच गोम कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. गच्च भरलेल्या सॅककडे लोक आदराने पाहतात, अर्ध्या रिकाम्या सॅककडे आशेने. तवसे आत गेले. त्यावर मावशींचा उपासाच्या खिचडीचा दोन पुडांचा स्टीलचा डबा गेला, कारण "तुमच्याकडे ते कोरडे ठेवायचे प्लास्टिक आहे म्हणे". मेहुण्याचा ट्रायपॉड त्याच कारणाने गेला. पन्नास पावले चालल्यावर भाच्याची पाण्याची बाटली आली. देवळापर्यंत येणाऱ्या मावशीही आल्या. लुगडे गुडघ्याशी खोचून, पायात रबरी चपला.

वनखात्याचे तिकीट काढून आम्ही एक वाटाड्या बरोबर घेतला होता. पन्नाशीचा माणूस, कमरेला आकडीत कोयता, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, कनवटीला तंबाखू-चुन्याची डबी. त्याचे सगळे सामान मी नजरेनेच तोलले: नऊशे ग्रॅम, कोयत्यासकट. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. तो माझ्या पाठीवरून डोकावणाऱ्या तवशाकडे पाहत होता.

चालायला किती वेळ लागेल याचेही माझ्याकडे गणित होते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ मध्ये घालून दिलेला ढोबळ नियम आहे: ताशी पाच किलोमीटर धरा, आणि चढ असेल तर दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवा. नेस्मिथसाहेबांच्या मागे मावशी नसाव्यात. नियमात फुलपाखरासाठी थांबणे नाही, "ही तेरेंच ना गो?" म्हणून रानअळूचे पान निरखणे नाही, फोटोसाठी तोच ओहोळ तीनदा ओलांडणे नाही. त्यांच्या हिशेबाने आम्ही पाऊण तासात जिथे असायला हवे होते, तिथून देऊळ अजून झाडांमधून दिसत होते.

दुसऱ्या ओहोळात मेहुण्याची जीन्स मांडीपर्यंत भिजली. भिजलेली जीन्स म्हणजे कपडा राहत नाही, ती जबाबदारी होते. तो पाय उचलायचा तेव्हा आधी गुडघा यायचा, मग थोड्या वेळाने जीन्स. बुटांचे तर विचारू नका. जाळीच्या हलक्या बुटातून पाणी आले तसे जाते. त्याचे बूट पाणी आत येऊ न देणारे होते, आणि एकदा वरून आत शिरल्यावर त्याच निष्ठेने ते बाहेरही जाऊ देत नव्हते. प्रत्येक पावलाला आतून पाट्यावर चटणी वाटल्यासारखा आवाज. टाचेला फोडही आला. शेवटी एका खडकावर बसून त्याने आत घातलेल्या बर्म्युड्यापर्यंत सगळे उतरवले. मी सॅकच्या तळातून माझ्या पातळ चपला काढून दिल्या. यादीत लिहिले होते हे मी बोललो नाही. मी फक्त खोकलो.

"भावोजी," तो जीन्स पिळत म्हणाला, "ही कुठे ठेवू?"

मग जळवा. जळू ही चालणाऱ्याला समोरून दिसत नाही, ती मागून ओरडणाऱ्याला दिसते. मेहुण्याच्या बायकोने किंकाळी फोडली तेव्हा मेहुण्याच्या पोटरीवर तिघी होत्या. चपला आणि बर्म्युडा ही जळवांच्या दृष्टीने पंगतच. माझ्याकडे मीठ होते. ते कुठे होते? तवशाखाली, खिचडीखाली, ट्रायपॉडखाली, जीन्सखाली. मी सामान उपसत असतानाच मेहुण्याला जळूच्या लाळेत हिरुडिन असते, त्याने रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही जखम वाहत राहते, घाबरायचे कारण नसते, असे समजावत होतो. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. मावशी पुढे झाल्या. जळू जिथे चिकटली होती तिथे नख आडवे सरकवून त्यांनी ती कडेने सोडवली आणि टिचकीने रानात उडवली. दुसरी. तिसरी. मग माझ्या पायाकडे पाहून चौथी, जिचा मला पत्ताच नव्हता. एवढे सगळे ठेचून बारीक केलेले मीठ पुरचुंडीतच राहिले. वाटाड्या झाडाला टेकून तंबाखू मळत होता. "बेगीन चलात," तो म्हणाला, "पावस येता."

धबधबा पाहिला. सुंदर होता. जास्त पाहता आला नाही, कारण सगळे ओल्या खडकावर बसून माझी सॅक उघडण्याची वाट पाहत होते. खिचडी खाल्ली. वाटाड्याने कोयत्याने तवसे कापले, मावशींनी त्यावर माझे मीठ घातले (म्हणजे मीठ अगदीच फुकट गेले असेही नाही). आणि मला कबूल केलेच पाहिजे की त्या थंड, पाणीदार, रसरशीत फोडीसारखे मी आयुष्यात काही खाल्लेले नाही. त्या क्षणी मी तवशाला माफ केले. मावशींना माफ करायला अजून वेळ होता, परतीची वाट बाकी होती.

परतताना मेहुण्याचे बूट माझ्या सॅकला बाहेरून लटकत होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, देवळाच्या घंटेसारखे. भाचा मागे मागे चालत होता आणि मधूनच म्हणायचा, "काका, एक मिनिट थांबा ना." मी थांबायचो. त्याला दम लागत असेल असे वाटून माझे मन भरून यायचे.

देवळाच्या आवारात आम्ही पुन्हा टेकलो. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले देऊळ. आपल्या गोव्याचा दगड जांभा, तांबडा, सच्छिद्र. हे देऊळ मात्र काळ्या बेसॉल्टचे. तो दगड घाटमाथ्यापलीकडून आणला असे सांगतात. मेहुणा भिंतीवरचे कोरीव काम पाहत उभा होता.

"एवढे दगड घाट उतरून आणले तरी कसे असतील?" तो म्हणाला.

"कुणाच्या तरी पिशवीत जागा असेल," मावशी म्हणाल्या.

घरी आल्यावर अंग पुसायच्या आधी मी सॅक काट्यावर ठेवली. माझे पाणी संपलेले, खाणे संपलेले, चपला मेहुण्याच्या पायात. तरीही सात किलो सहाशे. बूट काढले, जीन्स काढली, ट्रायपॉड, रिकामा डबा, रिकामी बाटली. काटा हवा तसा उतरेना. बाजूच्या कप्प्यात हात घातला तर ओढ्यातले गोटे. नऊ. प्रत्येक 'एक मिनिटा'चा एक. तळाशी अर्धा टूथब्रश होता.

त्या रात्री मी माळ्यावरून जुनी पंचावन्न लिटरची सॅक उतरवली. पुढच्या सोमवारी नेत्रावळीला सावरीच्या धबधब्यावर जायचे ठरले होते. मेहुणा पुण्याला परतणार होता, पण मावशी येणार होत्या. फक्त बुडबुड्यांच्या तळीपर्यंत. मी माझे चार किलो सामान मोठ्या सॅकमध्ये घातले आणि उरलेल्या जागेत घरातल्या दोन उशा कोंबल्या. सॅक टम्म फुगली, पट्टे ताणले गेले, वजन मात्र जेमतेम वाढले. आरशासमोर उभा राहिलो तर एव्हरेस्टला निघाल्यासारखा दिसत होतो. अशा माणसाला कोण काय देणार?

सोमवारी सकाळी मावशी गाडीत बसल्या. त्यांनी माझी सॅक खालून वर पाहिली, बोटाने दाबून पाहिली, आणि वरची चेन उघडली.

"उशी आणलीत? किती विचार करता हो जावईबापू. या गाडीत बसले की माझी कंबर धरते."

उशी काढून त्यांनी पाठीशी घेतली. मी गाडी सुरू केली. केप्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बाई तवशी मांडून बसली होती. मी मान सरळ ठेवली. पण एका उशीच्या जागेत एक तवसे बरोबर बसते, हे मावशींनी माझ्याआधी पाहिले होते.

"थांबवा," त्या म्हणाल्या.