दोन तासांचं काम दोन तासांतच करावं

आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलं म्हणे. आईने प्रिंट काढून देवापुढे ठेवलं असेल आणि मामाने पॅकेज विचारलं असेल. मामाला पॅकेजच सांग, हातात किती पडणार ते सांगू नकोस. साडेतीन लाखाला बाराने भागून तो एकोणतीस हजार काढेल आणि महिनाभर खूश राहील. त्या साडेतीन लाखांत तुझा पीएफ आहे आणि कंपनीने भरायचा पीएफही आहे, म्हणजे कंपनीचं औदार्यसुद्धा तुझ्याच खिशातून. ग्रॅच्युइटीही आतच धरलेली आहे. ती पाच वर्षं टिकलास तर मिळेल. 'व्हेरिएबल' नावाचा एक आकडा आहे, तो नावाला जागतो. शिवाय महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर: अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. सगळ्यांत छोट्या महिन्यात सगळ्यांत जास्त कर का, म्हणून भांडायला जाऊ नकोस. वर्षाचे २,५०० पुरे करायला ते जादा शंभर लागतात, आणि त्याहून जास्त घेता येत नाहीत, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ने तेवढीच मर्यादा घातली आहे. या नोकरीत तुझ्या बाजूने उभं राहणारं हे एकच कलम, म्हणून पाठ करून ठेव.

भाषेची काळजी नको. कॉलेजात चार वर्षं ज्या शब्दांनी झोप उडवली, तेच इथे भेटतील. तिथे विषय राहिला की केटी लागायची, इथे केटी देतात, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवतात. तिथे बॅकलॉग राहिला की घरी बोलणी बसायची, इथे रोज सकाळी उभं राहून बॅकलॉगवर, म्हणजे उरलेल्या कामांवर, चर्चा होते आणि कुणालाच लाज वाटत नाही. माणसाला मात्र 'रिसोर्स' म्हणायचं. 'दोन रिसोर्स आजारी आहेत' हे वाक्य हसू न येता म्हणता आलं की प्रोबेशन संपलं समज.

पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कात, त्यातही फेज थ्रीला जागा मिळाली तर गुपचूप जवळच वाकडला खोली बघ. हिंजवडीवरून जाणाऱ्या माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं तेव्हा तू शाळेत असशील. ते खांब उभे राहताना बसच्या खिडकीतून बघत माझी तीन अप्रेझलं झाली.

आता मुद्द्याचं. मोठी कंपनी काय विकते? सॉफ्टवेअर म्हणालास तर इंटरव्ह्यूत पास, नोकरीत नापास. ती तास विकते. 'टाइम अँड मटेरिअल' करारात क्लायंट माणसामागे तासाचा दर देतो, आणि तुझी टाइमशीट ही त्या उधारीची वही. म्हणून कोड चालला नाही तर सोमवारी बघू म्हणतात, पण शुक्रवारी टाइमशीट भरली नाहीस तर संध्याकाळपर्यंत चार मेल येतात आणि पाचव्यात तुझ्या मॅनेजरचा मॅनेजर सीसीत असतो. 'फिक्स्ड प्राइस' प्रोजेक्ट, म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठरलेला भाव असेल तर नेमकं उलटं. तिथे रात्री एकपर्यंत बसायचं आणि आठच तास लिहायचे. कुठल्या प्रोजेक्टवर आहोत ते आधी विचारून घे, नाहीतर चुकीच्या ठिकाणी खरं लिहून बसशील.

मी बसलो होतो. दुसरं वर्ष होतं. रोज सकाळी साडेनऊला सर्व्हरवरून चौदा फाइली उतरवायच्या, प्रत्येकीतले आकडे एक्सेलमध्ये डकवायचे, चुकलेला चौकोन लाल, बरोबर असलेला हिरवा, आणि साडेअकराच्या सुमारास क्लायंटला मेल. सहा महिने रंगकाम केल्यावर एका शनिवारी बसून पायथनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. साडेतीन मिनिटांत रिपोर्ट तयार, लाल-हिरव्यासकट. सोमवारी मोठ्या अभिमानाने टीम लीडला दाखवली.

तो मला पँट्रीत घेऊन गेला. कॉफी मशीन चालू केलं, आवाज व्हावा म्हणून.

"भावा, हे कुणाला दाखवलंस?"

"अजून कुणालाच नाही."

"शाबास. दाखवू पण नकोस." मग त्याने समजावलं. हा रिपोर्ट म्हणजे बिलात पाव माणूस आहे. क्लायंटला कळलं की तो पाव माणूस कापणार, आणि पुढच्या करारात बाकीच्या पाऊण माणसाचाही भाव पाडणार. "आणि ते दोन तास तू करणार काय?"

काहीतरी नवीन शिकेन म्हणालो. स्वारगेटला उतरून मीटरने येणार का असं विचारणाऱ्याकडे रिक्षावाला बघतो, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

तेव्हा माझं ऐक. स्क्रिप्ट लिहायची तर लिही, पण तिच्यात थांबायची सोय कर. मी तसंच केलं. साडेनऊला रिपोर्ट तयार व्हायचा, मग स्क्रिप्ट दोन तास गप्प बसायची आणि मेल पाठवायची. रोज अगदी ठरल्या मिनिटाला मेल गेली तर संशय येतो, म्हणून दहा-बारा मिनिटं इकडेतिकडे करणारी आणखी एक ओळ घातली. त्या कंपनीत मी सगळ्यांत विचार करून लिहिलेला कोड तो.

पुढे मावसभावाच्या लग्नाला चार दिवस गावी गेलो. रिपोर्ट बंद करायला विसरलो. हळदीच्या मांडवात फोन वाजला. क्लायंटने कौतुक कळवलं होतं: सुट्टीवर असूनही काम चुकवलं नाही. परत आल्यावर सगळ्या टीमसमोर टाळ्या आणि पाचशे रुपयांचं व्हाउचर. लीड टाळ्या वाजवत होता, माझ्याकडे न बघता. त्या वर्षी 'कमिटमेंट'ला पाचपैकी चार मिळाले. 'इनोव्हेशन'ला दोन.

पेपर टाकला तेव्हा नव्वद दिवसांची नोटीस होती. रिपोर्टची केटी एका नव्या मुलीला द्यायची होती. नियमाप्रमाणे हाताने करायची पद्धत शिकवली: चौदा फाइली, कुठून उतरवायच्या, कोणता लाल आणि कोणता हिरवा. तिने दोन दिवस निमूट वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, "दादा, याची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली तर?"

मी आजूबाजूला बघितलं.

"चल," म्हटलं, "कॉफी घेऊ."