माक्स श्रेक पिशाच नव्हता, तो नट होता

नोव्हेंबरात पणजीत इफ्फीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, वारे वाहू लागले की आमच्या नाट्यमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर एक फॉरवर्ड हटकून येतो. ‘नोस्फेरातू’ या १९२२ सालच्या जर्मन मूकपटाबद्दलचा. त्यात म्हटलंय, काउंट ऑर्लोक झालेला माक्स श्रेक खरा रक्तपिपासू पिशाच होता आणि शेवटी उन्हात विरून जातो ते त्याचं खरंच मरण. लोक घाबरले म्हणून कोर्टाने सिनेमाच्या प्रती नष्ट करायला लावल्या. दिग्दर्शक मुर्नाऊ शापाने मेला आणि त्याची कवटीही थडग्यातून नाहीशी झाली.

आधी श्रेक. १८७९ साली बर्लिनला जन्मलेला, तिथेच अभिनय शिकलेला, नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या मंडळीत काम केलेला हा माणूस. श्रेक म्हणजे जर्मनमध्ये धसका, पण ते त्याचं खरंच आडनाव. ज्या वर्षी सिनेमा आला त्याच वर्षी म्युनिकला नाटककार ब्रेश्टचं पहिलं नाटक रंगमंचावर आलं, त्यातही तो होता. म्हणजे ‘उन्हात मेल्यावर’ तो चौदा वर्षं कामं करत होता. १९३६च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी दुसऱ्या नटाच्या जागी उभा राहून त्याने शिलरच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये भूमिका केली. प्रयोगानंतर बरं वाटेना, इस्पितळात नेलं, पहाटे तो गेला. बदली म्हणून आयत्या वेळी उभं राहणं काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे. देवळाच्या उत्सवात नाटकं करणाऱ्या आपणच अशा माणसाला पिशाच म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं.

लहानपणी पेडण्याला दशावतारात संकासुर आला की मी आईच्या पदराआड शिरायचो. एकदा धीर करून मागे रंगपटात गेलो. पेटाऱ्याला टेकवलेला हाताएवढा आरसा, वर एकच बल्ब, आणि संकासुर मांडी घालून चहा पीत बसलेला. काळा बुरखा गुडघ्यावर, त्याची लाल कापडी जीभ जमिनीवर लोळत होती. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, “बाबू, भियेलो?” त्यानंतर तो मंचावर आला तेव्हाही मी घाबरलोच, पण तेव्हापासून त्या माणसाबद्दल मनात आदर बसला तो कायमचा.

श्रेकचं रूपही असंच रंगपटात घडलेलं. तुळतुळीत डोकं, टोकदार कान, लांबच लांब नखं, सुळ्यांऐवजी उंदरासारखे पुढचे दात. या सिनेमाची दृश्यकल्पना आल्बिन ग्राऊची. जंगलातून बग्गी जाते तिथे झाडं पांढरी दिसतात, कारण तिथे काळ्याचं पांढरं दाखवणारी निगेटिव्हच वापरली आहे. आणि जिन्यावरून चढत जाणारी ती सावली! सिनेमा जिच्यावर बेतला त्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतल्या पिशाचाला सावली पडत नाही. इथे मात्र भीती सगळी त्या सावलीनेच उभी केली आहे, एक दिवा आणि एक भिंत घेऊन. उन्हाचंही तसंच. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो आणि शेवटी सुऱ्यांच्या वारांनी मरतो. पिशाच उन्हाने मरतं ही कल्पना याच सिनेमाने रुजवली, पुढे ती इतकी पसरली की लोकांना ती पुरातन वाटू लागली.

कोर्टाची गोष्ट खरी आहे, कारण मात्र वेगळं. प्राना फिल्म या कंपनीने कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. पात्रांची नावं बदलली, पण आधार ‘ड्रॅक्युला’चा असल्याचं सांगून टाकलं. लेखक ब्रॅम स्टोकर १९१२मध्येच वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा लावला. कंपनीचं दिवाळं वाजलं होतं, पैसे मिळण्याची आशा नव्हती, तेव्हा १९२५मध्ये जर्मन कोर्टाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. एका विधवेने नवऱ्याच्या लेखणीचा हक्क मागितला, त्याला फॉरवर्डवाल्यांनी भुताटकी केलं. काही प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या, म्हणून सिनेमा वाचला.

मुर्नाऊ १९३१मध्ये कॅलिफोर्नियात मोटार अपघातात गेला, वयाच्या ४२व्या वर्षी. त्याआधीची नऊ वर्षं विसरू नका. त्याच काळात तो हॉलिवूडला गेला आणि त्याच्या ‘सनराइज’ला पहिल्याच ऑस्करमध्ये पुरस्कार मिळाले.

कवटी २०१५च्या जुलैमध्ये बर्लिनजवळच्या श्टान्सडॉर्फच्या दफनभूमीतून चोरीला गेली, हेही खरं. पोलिसांना तिथे मेणाचे डाग सापडले. मेणबत्ती लावायला हात लागतात, शवपेटी उघडायलाही. एका मेलेल्या कलावंताची ती विटंबना आहे, तिला शापाचा पुरावा म्हणून मिरवू नये.

तो मजकूर कृपया काढून टाका. त्याच्या जागी जिन्यावरच्या सावलीचं दृश्य टाका. यंदाच्या नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्या पोरांना मला ते दाखवायचं आहे.