सिलिंडरचा गॅस वर जात नाही

आठवडाभरात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला. लालबागच्या मावशीनेही तोच पाठवला: "गॅसचा वास आला तर घाबरू नका. गॅसला वजन नसतं, तो नेहमी वर जातो. खिडकीची वरची झडप उघडा, एक्झॉस्ट लावा, दोन मिनिटांत घर मोकळं." मावशीची खोली दहा बाय दहाची, सिलिंडर ओट्याखाली, शेजारीच मोरी. तिने यावर विश्वास ठेवू नये म्हणून हे लिहितोय.

गॅसला वजन असतं. मावशीच्या खोलीची उंची दहा फूट धरली तर आतली नुसती हवाच ३३ किलोच्या आसपास भरते. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, म्हणजे ही हवा दोन भरलेल्या सिलिंडरमधल्या गॅसपेक्षाही जास्त. ते जाणवत नाही, कारण वायू फार विरळ असतो. एक घनमीटर पाणी १००० किलो, तेवढीच हवा जेमतेम १.२ किलो.

'नेहमी वर जातो' ही सगळ्यात घातक ओळ. सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रव असतो, हलवला की डचमळतो. बाहेर येऊन त्याचा वायू झाला की जवळपास अडीचशे पट जागा व्यापतो. इतका विरळ झाला म्हणजे हलका झाला, असं वाटतं. पण तो हलका झाला तो द्रवापेक्षा. खोलीत त्याची गाठ हवेशी असते.

घनात आणि द्रवात कण एकमेकांना चिकटून असतात. वायूत ते इतके लांब असतात की एका तापमानाला, एका दाबाला सारख्याच जागेत कोणत्याही वायूचे साधारण तेवढेच रेणू मावतात. अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलेली गोष्ट हीच. मग जड-हलकं ठरतं ते एकेका रेणूच्या वजनावर. हायड्रोजनच्या एका अणूचं वजन १ धरलं तर हवेचं सरासरी २९, प्रोपेनचं ४४, ब्युटेनचं ५८. सिलिंडरमध्ये हेच दोन मुख्य, म्हणून तो गॅस हवेच्या दीड ते दोन पट जड. फुगेवाल्याच्या हेलियमचं ४, म्हणून तो फुगा दोरी ताणतो. अगरबत्तीचा धूर वर जातो तो गरम असतो म्हणून.

खात्री करायची तर जळत्या गॅसपासून लांब एक प्रयोग करा. खोल पातेल्यात दोन चमचे खायचा सोडा घाला, वर थोडं व्हिनेगर. फेस बसला की पातेलं रिकामंच दिसतं. आता ते पेटत्या मेणबत्तीवर हळूच कलवा, व्हिनेगर सांडू न देता. ज्योत लवते आणि विझते. न दिसणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यासारखा ओतला गेला. त्याच्या रेणूचं वजन ४४, प्रोपेनइतकंच. मावशीच्या ओट्याखालचा गॅसही असाच लादीवरून सरकतो, मोरीत उतरतो, उंबऱ्याशी अडतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास मंद येतो, पायाशी मात्र तो साचलेला असतो. बंद खोलीत वारा नसेल तर तो बराच वेळ तसाच राहतो.

एक्झॉस्ट लावायचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. बटण दाबताना आत ठिणगी पडते, आणि हवेत हा गॅस दोनेक टक्के झाला तरी भडका उडायला पुरतो. लावू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दार सताड उघडा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. फोन बाहेर जाऊन करा: गॅस गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र अर्धी बरोबर आहे. टॉवरमध्ये पाइपने येतो तो मुख्यतः मिथेन, रेणूचं वजन १६. तो खरोखर वर जातो, छताशी साचतो, आणि वरची झडप तिथे उपयोगी पडते. एक्झॉस्टचं बटण तिथेही नाही. मुंबईत एकाच गल्लीत समोरासमोर दोन्ही गॅस आहेत, आणि मेसेज दोन्हीकडे तोच फिरतोय. मावशीकडे पाइप नाही. तिला मी आधी दार उघडायला सांगितलंय.